‘चालत नाही’ कुठल्या कलमात लिहिलंय?

नारिंगी नायलॉनची दोरी असते ती. बागेतलं गवत कापायच्या यंत्राला लावतात तसलीच, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. एअर रायफलच्या नळीत मागून सारली की पुढच्या तोंडातून बोटभर डोकावते आणि मागे वीतभर लोंबत राहते. दहा पावलांवरून ती दिसली की कळतं, नळी मोकळी आहे, आत छर्रा नाही. पुस्तकात तिचं नाव सेफ्टी फ्लॅग. खराडीतल्या आमच्या रेंजवरची पोरं तिला नुसतं ‘दोरी’ म्हणतात. ‘आजोबा, माझी दोरी आत राहिली’ असं ओरडत एखादं पोरगं अर्ध्या जिन्यावरून परत पळत येतं, तेव्हा मला फार बरं वाटतं.

मी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणीच्या कामात होतो. निवृत्त झाल्यावर मुलाकडे खराडीला राहायला आलो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलं की एका अंगाला आयटी पार्कच्या काचा, दुसऱ्या अंगाला चंदननगरची भाजी. मधल्या एका व्यापारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दहा मीटरची रेंज आहे. खाली किराणा, दुसऱ्यावर झुंबा, तिसऱ्यावर आम्ही. नातवाला सोडायला जायचो, तासभर नुसतं बसवेना, म्हणून तिथलं नियमांचं पुस्तक वाचायला घेतलं. पुढे पंचांचा वर्ग केला, परीक्षा दिली. नातू दोन वर्षांत फुटबॉलकडे गेला. मी रेंजवरच राहिलो. आता महिन्यातून एखाद्या स्पर्धेला रेंज ऑफिसर म्हणून उभा असतो. मानधनात रिक्षाचं भाडं सुटतं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका शालेय स्पर्धेत जे झालं, त्यावरून हे लिहायला बसलो. रेंज कुठली, आयोजक कोण, हे सांगत नाही. त्याची गरजही नाही, कारण असं सगळीकडेच होतं.

चौदा वर्षांची मुलगी, चंदननगरची. चाळीस शॉटांची मॅच तिनं वेळेच्या बरीच आधी संपवली. गुण चांगले होते, पहिल्या तिनात बसतील असे. तिनं बोल्ट उघडला, दोरी सारली, रायफल टेबलावर ठेवली, जॅकेटची बटणं सोडली. काचेच्या दाराबाहेर आई हातातल्या घड्याळावर बोट आपटत उभी होती. मुलीला अकराला शाळेची चाचणी परीक्षा गाठायची होती. मुलीनं इकडेतिकडे पाहिलं, रायफल पेटीत ठेवली आणि पेटीचे खटके लावले. पेटी बंद करण्याआधी रायफल रेंज ऑफिसरला दाखवायची असते. ती दाखवली नाही. ज्युरीतले एक गृहस्थ मागून आले आणि म्हणाले, ‘न दाखवता पेटीत? चालत नाही. बाद.’ मुलगी बाद. तिचे चाळीस शॉट पाण्यात.

आता तो रेंज ऑफिसर कोण, जो त्या वेळी तिच्या मागे उभा असायला हवा होता? मी. दोन नंबरच्या लेनमधल्या टार्गेटचा कागदाचा रोल अडकला होता आणि मी तिथे वाकून तो ओढत होतो. तिनं इकडेतिकडे पाहिलं, ते मलाच शोधत होती.

पेटी उघडायला लावली. दोरी जागच्या जागी. बोल्ट उघडा.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पुस्तकात सुरक्षिततेचं प्रकरण 6.2 या क्रमांकाखाली येतं. आपल्याकडच्या स्पर्धाही बहुतांशी त्याच पुस्तकावर चालतात. त्यात हे वाक्य आहे, आणि ते ज्युरीतल्या त्या गृहस्थांना वाटतं तसं नाही. जागा सोडण्यापूर्वी शस्त्र मोकळं आहे याची खात्री नेमबाजानं करायची आणि रेंज ऑफिसरनं ती पडताळायची, हा पहिला भाग. इथे सक्ती आहे, दोघांवरही. दुसरा भाग असा, की पडताळणीविना शस्त्र पेटीत घातलं किंवा जागेवरून हलवलं, तर नेमबाजाला बाद करता येईल. कधी, तर सुरक्षिततेचा गंभीर भंग झाला आहे असं ज्युरीनं ठरवलं तर. ‘करता येईल’ आणि ‘ठरवलं तर’. या दोन शब्दांत ज्युरीला विचार करायला जागा ठेवलेली आहे. ती जागा मोकळी सोडून थेट ‘बाद’वर उडी मारली, तर ज्युरी हवीच कशाला? ते काम दारावरचा वॉचमनही करील.

त्याच सकाळी, साधारण वीस मिनिटं आधी, पलीकडच्या टोकाला पिस्तूलवाल्या मुलांपैकी एकाला प्रशिक्षकानं मागून हाक मारली. पोरगा वळला. हातातलं पिस्तूलही त्याच्याबरोबर वळलं. नळी शेजारच्या लेनवरून फिरून प्रेक्षकांच्या काचेपर्यंत आली आणि परत गेली. छर्रा आत होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही; मुद्दा तोच आहे. नळी कायम सुरक्षित दिशेला हवी, या वाक्यात ‘शक्यतो’ नाही, ‘जमेल तसं’ नाही. तेच ज्युरी तिथे होते. त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘अरे, जरा बघून.’ पोरगा मोठ्या अकादमीतला, अडीच-तीन लाखांचं जर्मन पिस्तूल. मी असं म्हणत नाही की म्हणून सोडला. पण मुलीच्या आईनं तसं म्हटलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे का होतं, यावर मी बराच विचार केला आहे. त्या गृहस्थांना वाईट म्हणून प्रश्न सुटत नाही. माणूस सज्जन आहे, स्पर्धेला सकाळी साडेसहाला येऊन स्वतः खुर्च्या मांडतो. अडचण अशी, की नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि रेंजवर ते कोणी उघडत नाही. ते तोंडी येतं. एका प्रशिक्षकानं दुसऱ्याला सांगितलेलं, दुसऱ्यानं पोरांना सांगितलेलं. या वाटेनं येता येता त्या जाडजूड पुस्तकाचं मराठीत दोनच शब्दांत भाषांतर झालं आहे: ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’.

याला थोडा इतिहासही आहे. महाराष्ट्रात नेमबाजी मोठी झाली त्यात एनसीसीचा वाटा मोठा. अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकला अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. लष्करातले, पोलिसांतले उस्ताद आपल्या रेंजवर शिकवायला आले आणि त्यांनी शिस्त आणली. थ्री-नॉट-थ्रीचा बार उडवणाऱ्या पोरांच्या ओळीमागे उभं राहून कोणी कलमं वाचून दाखवत नाही. तिथे हुकूम लागतो आणि तो तडक पाळावा लागतो. ते योग्यच. पण हुकुमाची ती जरब निकालाच्या टेबलावरही येऊन बसली. ‘स्टॉप’ म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं, हे रास्त आहे. ‘बाद’ म्हटलं की का ते विचारायचंच नाही, हे रास्त कसं?

फॅक्टरीत आमच्याकडे गो आणि नो-गो अशी गेजं असायची. काडतुसाचा एक नमुना घ्यायचा, एका तोंडातून गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. तिथे माझ्या मताला काडीची किंमत नव्हती, आणि ते बरंच होतं. पण कधी एखादी खेप अशी यायची, की माप बरोबर, डबा मात्र चुकीच्या शिक्क्याचा. मग वरिष्ठ बसायचे, काय बिघडतंय ते पाहायचे आणि जो निर्णय होईल तो कारणासकट कागदावर उतरायचा, खाली सही. माल स्वीकारला तरी सही, नाकारला तरी सही. गेजचं काम वेगळं आणि बुद्धीचं काम वेगळं, हे तिथला नवा पोरगाही महिनाभरात शिकायचा. रेंजवर आम्ही उलटं करतो. जिथे गेज लावायचं तिथे दयामाया आणि जिथे बुद्धी चालवायची तिथे गेज.

गेज लावायची जागा म्हणजे इक्विपमेंट कंट्रोल, सामानाची तपासणी. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन पेललं पाहिजे. नळी उभी धरून वजन ट्रिगरला अडकवून उचलतात. तीन प्रयत्न मिळतात. पेललं तर पेललं. पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत, आणि अख्खं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. रायफल साडेपाच किलोपर्यंत. जॅकेटच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर नको. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी 30 मिलिमीटरपेक्षा रुंद नको. आमची पोरं ती लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची करतात, आणि तीस मिलिमीटरची असेल तर तीही चालते. इथे ‘जाऊ द्या हो, लहान आहे’ म्हणणाऱ्या पंचांनी घरी बसावं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, मोहरीपेक्षा लहान. त्या खेळात जाडजूड जॅकेट म्हणजे धडधडीत टेकू. एकाला दिला तर बाकीच्या सगळ्यांचा हक्क मारला जातो.

तरी गेजालाही डोकं लागतं. कापड किती ताठ आहे हेही मोजतात, आणि ताठपणा हवेप्रमाणे बदलतो. थंड एसी हॉलमध्ये कॅनव्हास कडक होतं, जुलैत डबक्यासारख्या दमट व्हरांड्यात तेच नरम पडतं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात पास झालेलं जॅकेट दुसऱ्या दिवशी एसीत तासभर टांगल्यावर काठावर येऊ शकतं. सगळंच मापावर सोडायचं असेल, तर माप कुठे घ्यायचं हे तरी आयोजकानं आधी ठरवावं. मी एकदा हे सुचवलं तर उत्तर मिळालं, ‘काका, इतकं खोलात कोण जातं?’

सिलिंडरचा प्रसंग सांगतो, कारण माझ्यावर ‘हा पंच मवाळ’ असा शिक्का बसायला नको. एक वडील जुनी रायफल घेऊन आले होते. कोणाकडून तरी उतरत्या किमतीत घेतलेली, बाकी सगळं ठाकठीक. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. त्या तारखेपासूनची दहा वर्षांची मुदत उलटून गेली होती. वडील म्हणाले, ‘साहेब, अजून झकास चालतोय. परवाच भरून आणला.’ झकास चालणारच, फुटेपर्यंत सगळी सिलिंडरं झकासच चालतात. दोनशे बार दाब, आणि पोराचा गाल त्यापासून हातभर अंतरावर. पुस्तक म्हणतं, सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाची. तपासणारे ते तपासू शकतात. पुन्हा ‘शकतात’. इथे मी त्या शब्दाचा अर्थ ‘तपासणारच’ असा घेतला आणि ती रायफल त्या दिवशी चालू दिली नाही. क्लबमधल्या एका मुलाचं सिलिंडर तिच्यावर बसत होतं, ते लावून पोरगा खेळला. वडिलांचा चेहरा मात्र दिवसभर आंबट होता.

तोच शब्द. मुलीच्या बाबतीत मी त्याचा अर्थ सैल घेतो आणि सिलिंडरच्या बाबतीत आवळून. हा दुटप्पीपणा आहे का? माझ्या मते नाही. नियम कशाला राखायला बसवला आहे, ते पाहून तो वाचावा लागतो. पडताळणीचा नियम कोणाच्या तरी अंगावर भरलेली नळी येऊ नये म्हणून आहे. मुलीची नळी मोकळी होती, दोरी साक्षीला होती, आणि साक्ष पडताळणारा माणूस दुसरीकडे वाकलेला होता. तिला ताकीद द्यायला हवी होती, पिवळं कार्ड. पुस्तकात पायऱ्या आहेतच: पिवळं ताकिदीचं, हिरवं दोन गुण कापण्याचं, लाल बाद करण्याचं. दोरी मुळीच न घालणाऱ्यालाही पुस्तक आधी ताकीद देऊन दोरी घालायला लावतं. सांगूनही ऐकलं नाही, तरच बाद. दोरी न घालणाऱ्याला ताकीद आणि दोरी घालून पेटी लावणाऱ्याला हकालपट्टी, हा हिशेब मला कोणी जुळवून दाखवावा. पिस्तूल फिरवणाऱ्या पोराचं काय करायचं, याचा विचार ज्युरीनं बसून करायला हवा होता. खांद्यावर हात ठेवून तो विचार होत नाही.

आमच्या पोरांच्या डोक्यात आणखी एक भूत बसवलेलं आहे: ‘ड्राय फायर चालत नाही.’ कोणी सांगितलं? नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा, छर्रा नाही, हवा नाही, नुसता टक् आवाज. हा सराव आपल्या जागेवर नळी टार्गेटकडे ठेवून करायला पुस्तकाची ना नाही. नव्या रायफलींना त्यासाठी वेगळा खटकाच असतो. मनाई आहे ती मॅचमध्ये छर्रा न घालता हवा सोडण्याला. तीही पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळी दोन गुण. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण तोंडी परंपरेत त्यांचा एकच लगदा झाला. एक मुलगा मला म्हणाला, ‘आजोबा, मी मॅचमध्ये घाबरलो की ट्रिगरला हातच लावत नाही.’ मग काय करतोस, विचारलं. ‘तीर्थासारखं पाणी पितो आणि देवाचं नाव घेतो.’ देवाचं नाव घ्यायला हरकत नाही, पण दोन ड्राय शॉट मारले असते तर हात स्थिर झाला असता आणि नियमही मोडला नसता.

आणि ती चाल! रायफलचे बूट कडक तळव्याचे. ते घालून चाललं की माणूस बदकासारखा डुलतो. बुटाचा तळवा वाकतो हे दिसावं म्हणून पुस्तकात लिहिलं आहे, की खेळाच्या जागेत नेमबाजानं नीट, टाच-मग-पंजा असं चालावं; आधी ताकीद, मग दोन गुण, मग बाद. माणसानं कसं चालावं यावर शिक्षा करणारा दुसरा कुठला खेळ असेल तर तो चालण्याच्या शर्यतीचा. एका स्पर्धेत एक पोरगा फारच डुलत आला. माझ्या शेजारचे पंच पिवळं कार्ड काढायला लागले. मी त्यांना थांबवलं, पोराच्या बुटाचा पंजा दाबून पाहिला. वर दोन बोटं रिकामी. वडिलांनी वाढत्या अंगाचे बूट घेतले होते. सैल बुटात कोणीही बदकच होणार. तळवा वाकवून पाहिला, छान वाकत होता. कार्ड खिशात गेलं. पोराला दोन जोड मोजे घालायला सांगितलं, एवढंच.

वाचक म्हणतील, ही शाळकरी पोरांची भांडणं. मोठ्या मैदानावर सगळं चोख असेल. मोठ्या मैदानावर नियम निष्ठुर असतो, पण आधीच सांगून ठेवलेला असतो, हा खरा फरक. 25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन मॅचमध्ये बिघाड झाला. दुरुस्तीसाठी बाजूला जावं लागलं, वीसेक मिनिटं हातची गेली. घड्याळ थांबलं नाही. 575 गुण, बारावी, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. आपल्याकडे तेव्हा घराघरात पंचांच्या नावानं बोटं मोडली गेली. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर तर मी एकटाच उलट्या बाजूला होतो. रेंजचं टार्गेट बिघडलं आणि खेळाडूचा वेळ गेला, तर वेळ मिळतो. स्वतःचं शस्त्र बिघडलं तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. दुरुस्त करा किंवा दुसरं घ्या, घड्याळ चालू. कठोर आहे, पण सगळ्यांना सारखं आणि आधी छापलेलं. मनूनंही पुढे पॅरिसला दोन कांस्यपदकं घेऊन त्याचं उत्तर दिलं, तक्रार अर्ज लिहून नाही.

त्याहून क्रूर 2004 चं अथेन्स. अमेरिकेचा मॅट एमन्स पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत आघाडीवर, शेवटचा एक शॉट बाकी. त्यानं तो शेजारच्या टार्गेटवर मारला. दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेला शॉट म्हणजे शून्य, सुवर्णाऐवजी आठवा. तिथे कोणा पंचाचं डोकं चालायला वावच नव्हता आणि तसा तो असूही नये. याच प्रकारात आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसला 451.4 गुणांनी कांस्य मिळवलं. बालेवाडीत सराव केलेला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. तिकीट तपासणाऱ्याला नियम आणि मोकळीक यांतला फरक पुस्तक न वाचताही कळत असेल, असं मला उगाच वाटतं.

खराडीहून बालेवाडी म्हणजे अख्खं पुणे ओलांडायचं. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, तेव्हा इथे शेती होती. आज नगर रोडच्या या बाजूलाच मुलं एवढी, की शनिवार-रविवारी आमच्या आठ लेनसाठी रांग लागते. एअर रायफल .177 ची आणि वीस ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, त्यामुळे पालकही धजावतात. पावती आणि क्लबचं ओळखपत्र पेटीत ठेवतात, कॅबवाल्याला ‘गिटार आहे’ म्हणून सांगतात. (हे सांगू नका. रायफलला रायफलच म्हणा. पेटीत बंद, मोकळी, दोरी घातलेली. लपवण्यासारखं त्यात काही नाही.) म्हणजे पोरं वाढली, रेंजा वाढल्या, स्पर्धा वाढल्या. पंच वाढले नाहीत. पंचांनी पुस्तक वाचण्याची सवय तर मुळीच वाढली नाही.

मला काय हवं आहे ते सांगतो. सुरक्षिततेच्या आणि शस्त्र हाताळण्याच्या नियमांची चार पानं सरळ मराठीत करून प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेला जोडावीत. त्यात ‘करायलाच हवं’, ‘करता कामा नये’ आणि ‘ज्युरीला करता येईल’ हे तीन प्रकार वेगळे दिसू द्यावेत. ‘चालत नाही’ हा शब्द त्यात कुठेही नको. मॅचच्या आधी रेंज ऑफिसरनं ती पानं पोरांना मोठ्यानं वाचून दाखवावीत, पाच मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. आणि कोणाचे गुण कापले किंवा कोणाला बाद केलं, तर कारण आणि कलम लिहून द्यावं. यासाठी नवं काही काढायला नको, घटनेची नोंद करायचा छापील फॉर्म या खेळात पूर्वीपासून आहे. आपल्या शालेय स्पर्धांत तो झेरॉक्स काढून गठ्ठ्यात पडून असतो. लिहायची वेळ आली की माणूस एकदा पुस्तक उघडतो. त्या दिवशी ते गृहस्थ लिहायला बसले असते, तर ‘गंभीर भंग’ या शब्दांपाशी त्यांचं पेन थांबलं असतं, एवढा माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

मी त्या दुपारी ज्युरीकडे माझ्या सहीचा कागद दिला: पडताळणीला मी जागेवर नव्हतो, चूक माझीही आहे. कागद घेतला गेला, निकाल बदलला नाही. तक्रार करायची मुदत उलटून गेली होती. मुलीच्या घरच्यांना अशी काही मुदत असते हेच ठाऊक नव्हतं, आणि तोवर ती शाळेत भूगोलाचा पेपर लिहीत होती.

तेव्हा पालकांनो, तुमच्या मुलाला उद्या कोणी बाद केलं, तर आवाज चढवू नका, ओळखी काढू नका, फोन लावू नका. लगेच जाऊन विचारा, कलम कोणतं? आणि ते लिहून मागा.